शाळेचा छापखाना: न्यू इंग्लिश स्कूल, केसरी आणि तुरुंगातले १०१ दिवस

 

आजचा भाग सुरू करण्याआधी एक प्रश्न. दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या चौकात काय दिसतं? बरोबर, फ्लेक्स. वर शाळेचं नाव, मधे मोठ्या अक्षरात ‘निकाल १०० टक्के’, खाली हसणाऱ्या पोरापोरींच्या फोटोंची रांग, आणि एका कोपऱ्यात संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, पोरांपेक्षा थोडा मोठाच. आता तर फ्लेक्स लागायच्या आधी इन्स्टाग्रामवर रील येतं. स्नेहसंमेलन झालं, रील. विज्ञान प्रदर्शन झालं, रील. मोठ्या खासगी शाळांत या कामासाठी वेगळी माणसं पगारावर असतात. शाळेची कोणती बातमी बाहेर जाईल, कशी जाईल, कोणत्या फोटोसकट जाईल, हे ठरवायचं, हीच त्यांची नोकरी.

आणि कोणती बातमी बाहेर जाणार नाही, हेही तेच ठरवतात. फी वाढली, दोन चांगले सर अचानक सोडून गेले, प्रयोगशाळेत साहित्यच नाही, यावर रील येत नाही. या गोष्टी आपल्याला रिक्षावाल्या काकांकडून कळतात, किंवा वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा आजकालचा प्रकार. पूर्वीच्या मास्तरांना असलं काही लागत नव्हतं. तर मंडळी, आजची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. दीडशे वर्षांपूर्वी नाही म्हटलं तरी त्याच्या जवळपास, पुण्यात एक खासगी शाळा निघाली. शाळा निघून एक वर्ष होतंय तोवर त्या शाळेच्या मास्तरांनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि एकाच आठवड्यात दोन वर्तमानपत्रं काढली. त्यातलं एक आजही निघतं. त्या वर्तमानपत्रांपायी शाळेचे दोन मास्तर तुरुंगात गेले. आणि शेवटी त्याच मास्तरांना आपसात एक प्रश्न सोडवावा लागला: शाळा चालवणाऱ्यानं बातमी द्यावी का? दिली तर कुणाच्या बाजूनं?

शाळेचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. वर्तमानपत्रं केसरी आणि मराठा. मास्तरांची नावं तुम्हाला रस्त्यांच्या आणि चौकांच्या पाट्यांवरून माहीत आहेत: चिपळूणकर, टिळक, आगरकर. आज आपण त्यांना पुतळ्यावरून खाली उतरवून मास्तर म्हणून बघणार आहोत.

सरकारी नोकरी सोडलेला माणूस

सुरुवात विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून. जन्म १८५० चा. सरकारी शाळेत शिक्षक. त्या काळी सरकारी शिक्षक म्हणजे घरात सुख, बाहेर मान आणि म्हातारपणी पेन्शन. पण शास्त्रीबुवांना एक वेगळाच नाद होता. १८७४ पासून ते ‘निबंधमाला’ नावाचं मासिक चालवत होते. म्हणजे दिवसा सरकारची चाकरी आणि रात्री सरकारला, मिशनऱ्यांना, समाजसुधारकांना, ज्याला सापडेल त्याला लेखणीनं टोचणं. जोतीराव फुल्यांवर त्यांनी याच मासिकातून फार बोचरी टीका केली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांची बदली रत्नागिरीला झाली. आणि १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीच सोडली. पुण्यात येऊन स्वतःची शाळा काढायची ठरवली. हे कळल्यावर डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेली दोन पोरं त्यांना येऊन भेटली. पोरंच म्हणायची, तेविशीची. एक बाळ गंगाधर टिळक, दुसरे गोपाळ गणेश आगरकर. दोघांनी कॉलेजात असतानाच ठरवलं होतं की सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाचं काम करायचं. आगरकरांची एम. ए. ची परीक्षा व्हायची होती, ते वर्षभरानं आले. जानेवारी १८८० मध्ये बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात शाळा सुरू झाली. शास्त्रीबुवा, टिळक, आणि त्यांच्यासोबत महादेव बल्लाळ नामजोशी. लवकरच वामन शिवराम आपटे आले. संस्कृतचा शब्दकोश करणारे ते हेच आपटे.

आता जरा पालकांच्या जागी बसून बघा. तुमचा मुलगा आहे. पुण्यात सरकारी हायस्कूल आहे. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन नावाची खासगी शाळाही आधीपासून आहे. आणि इकडे एका जुन्या वाड्यात तीस वर्षांच्या आतली मंडळी म्हणतात, आमच्याकडे पाठवा. सरकारी मान्यतेचा आधार नाही, अनुदान नाही, मोठ्या सावकाराचं पाठबळ नाही. तुम्ही पाठवाल?

म्हणजे बघा, खासगी शाळेची खरी अडचण तेव्हाही तीच होती जी आज आहे. सरकारी शाळेला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही, सरकारच तिची ओळख असतं. खासगी शाळेला मात्र रोज सांगावं लागतं की आम्ही कोण आहोत, आमच्यावर भरवसा का ठेवायचा. ती गप्प बसली तर तिचे वर्ग रिकामे राहतात.

निकाल: पहिली जाहिरात

या मंडळींनी भरवसा कसा कमावला? सगळ्यात आधी शिकवून. टिळक गणित शिकवायचे, संस्कृतही शिकवायचे. आपट्यांची शिस्त कडक होती. आणि मग मॅट्रिकचे निकाल आले. त्या काळी मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची. ती मिळाली की गावभर नाव व्हायचं. या नव्या शाळेच्या मुलांनी ती शिष्यवृत्ती मिळवायला सुरुवात केली. पुण्यात वाड्यावाड्यांतून बातमी पोचली. पुढच्या काही वर्षांत वर्गांत मुलांची दाटी झाली.

म्हणजे निकालाचा फ्लेक्स तेव्हा नव्हता, पण निकालाचं महत्त्व तेवढंच होतं. यात नवीन काही नाही. नवीन आहे ते पुढचं.

प्रेस घरी आणला

चिपळूणकरांना एक गोष्ट फार आधी कळली होती. शाळेच्या चार भिंतींत तुम्ही किती मुलं शिकवाल? शंभर, दोनशे, पाचशे. पण कागद भिंतीबाहेर जातो. म्हणून या माणसानं तीन-चार वर्षांत काय काय उभं केलं बघा. निबंधमाला होतीच. काव्येतिहाससंग्रह नावाच्या मासिकात त्यांचा हात होता. चित्रं छापायला चित्रशाळा काढली. पुस्तकं विकायला किताबखाना काढला. शाळा काढली. आणि मग आर्यभूषण छापखाना.

या छापखान्याची एक गोष्ट पुण्यात अजून सांगतात. केशव बल्लाळ साठे नावाच्या गृहस्थांकडून जुना छापखाना हप्त्यानं घेतला. तो मोरोबादादांच्या वाड्यात आणायचा होता. हमाल लावायला पैसे कुठून आणायचे? मग मास्तर मंडळींनीच रात्रीतून टाइपांच्या पेट्या उचलून आणल्या. टिळक पुढे म्हातारपणीसुद्धा ही ओझी वाहिल्याची आठवण अभिमानानं सांगत. शिशाचे खिळे भरलेली पेटी कधी उचलली आहे का कुणी? लहान दिसते, पण कंबर मोडते.

१८८१ चा जानेवारी उजाडला. २ तारखेला, रविवारी, इंग्रजी साप्ताहिक मराठा निघालं. ४ तारखेला, मंगळवारी, मराठी केसरी. मराठाकडे टिळकांनी बघायचं, केसरीकडे आगरकरांनी. चिपळूणकर केसरीत लिहिणार. नामजोशींचं आधी ‘डेक्कन स्टार’ नावाचं इंग्रजी पत्र होतं, ते मराठात मिसळलं. हे सगळे दिवसा शाळेत शिकवणार आणि संध्याकाळी प्रुफं तपासणार.

केसरी निघण्याआधी या मंडळींनी सह्या करून एक जाहीरनामा काढला होता. त्यात त्यांनी वर्तमानपत्राचा उपयोग सांगायला फार साधी उपमा दिली. रात्री रस्त्यावर दिवे असले आणि पोलिसांची गस्त असली की जो उपयोग होतो, तोच वर्तमानपत्राचा. अंधारात जे चालतं ते उजेडात दिसतं, आणि सत्तेवरच्या माणसाला आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे हे कळतं.

उपमा छानच आहे. पण एक शंका तेव्हाच यायला हवी होती. हा दिवा ज्या वाड्याच्या दारात लावलाय, त्या वाड्याच्या अंगणात त्याचा उजेड पडणार का? म्हणजे सरकारवर, संस्थानिकांवर, नगरपालिकेवर लिहाल. स्वतःच्या शाळेवर, शाळेला देणगी देणाऱ्यांवर लिहाल का? जाहीरनामा लिहिणाऱ्यांना हा प्रश्न तेव्हा पडला नसेल. पुढच्या नऊ वर्षांत तो त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

कोल्हापूरची कागदपत्रं

पत्रं निघून वर्षही झालं नव्हतं. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा तरुण छत्रपती होते, चौथे शिवाजी महाराज. त्यांना वेड लागलंय असं सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवलं होतं. कारभार दिवाण माधवराव बर्वे बघत. लोकांत बोललं जात होतं की महाराजांना वेड लागलेलं नाही, त्यांचा छळ चाललाय. केसरी आणि मराठानं हा विषय उचलला. बर्व्यांवर थेट आरोप केले. आणि त्यासाठी त्यांच्याकडे कागद होते, बर्व्यांची म्हणून सांगितली गेलेली पत्रं.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आणि कोर्टात काय निघालं? ती पत्रं बनावट होती.

मंडळी, इथे जरा थांबू या. आज आपल्या फोनवर रोज काय येतं? स्क्रीनशॉट. ‘हे बघ, यांचं चॅट लीक झालंय.’ आपण वाचतो, राग येतो, आणि राग आल्यामुळेच पुढे पाठवतो. टिळक-आगरकरांसारखी हुशार माणसं, एक गणिती, एक तर्कशास्त्राचा पक्का, पण त्यांच्याही हातात त्यांना हवा तसाच कागद पडला आणि त्यांनी तो खरा मानला. विषय खोटा नव्हता. पुढे १८८३ च्या डिसेंबरात महाराजांचा अहमदनगरला, त्यांच्यावर नेमलेल्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. म्हणजे काळजी करण्यासारखं काहीतरी नक्की घडत होतं. पण तुमची शंका बरोबर निघाली म्हणून तुमचा पुरावा खरा होत नाही. कोर्टापुढे कागद जातो. मनातली कळकळ तिथे कुणी मोजत नाही.

या गडबडीतच मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर गेले. वय एकतीस. ज्यानं सगळं उभं केलं तो माणूस खटल्याचा निकाल बघायलाही राहिला नाही. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात.

आणि खटल्याच्या काळात जामिनाचा प्रश्न आला. दहा हजार रुपयांचा. तेव्हाचे दहा हजार! कुणी व्यवस्था केली? जोतीराव फुल्यांनी, आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकरवी. ज्या जोतीरावांची निबंधमालेनं यथेच्छ टवाळी केली होती, ते जोतीराव. त्यांचं या मंडळींशी कितीतरी बाबतींत पटत नव्हतं आणि पुढेही पटलं नाही. पण लिहिल्याबद्दल कुणी तुरुंगात जातोय म्हटल्यावर ते मदतीला आले.

मागे शाळेचं काय?

आता आपण परत शाळेत येऊ. कारण या गोष्टीत तुरुंगाचं वर्णन सगळे करतात, शाळेचं कुणी करत नाही.

विचार करा. शाळेला दोन वर्षं झालीत. मुख्य माणूस वारलाय. दोन मास्तर तुरुंगात आहेत, तेही खोटी कागदपत्रं छापल्याबद्दल. आज अशी शाळा असती तर पालकांच्या ग्रुपवर काय चाललं असतं? ‘दाखला काढून घ्यायचा का?’ हा मेसेज पहिल्या तासात आला असता. आणि शाळेच्या पीआरवाल्यानं काय केलं असतं? एक निवेदन काढलं असतं: ‘सदर शिक्षकांच्या वैयक्तिक मतांशी संस्थेचा संबंध नाही.’

न्यू इंग्लिश स्कूलला असं म्हणायची सोयच नव्हती, कारण तीच माणसं शाळा होती आणि तीच माणसं पत्र होती. आपटे आणि बाकीच्यांनी वर्ग चालू ठेवले. त्याच १८८२ साली सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर पुण्यात आले. त्यांनी ही शाळा पाहिली आणि तिची भरपूर स्तुती केली. एकीकडे सरकारच्या तुरुंगात शाळेचे मास्तर, दुसरीकडे सरकारचाच मोठा अधिकारी म्हणतोय शाळा उत्तम आहे! यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

२६ ऑक्टोबर १८८२ ला दोघे सुटले. १०१ दिवस झाले होते. लोकांनी मिरवणुकीनं स्वागत केलं, त्यात सत्यशोधक मंडळीही होती. आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या नावाचं पुस्तक लिहिलं. ज्या गोष्टीनं शाळा बुडायची, तिनंच शाळेचं नाव महाराष्ट्रभर नेलं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. लोकांनी एवढंच पाहिलं की हे मास्तर चुकले असतील, पण विकले गेलेले नाहीत.

नामजोशींचं काम

आता ज्यांचा पुतळा फारसा कुठे दिसत नाही त्या माणसाकडे वळू. महादेव बल्लाळ नामजोशी. आजच्या भाषेत या शाळेचं जनसंपर्क कार्यालय म्हणजे नामजोशी. मोठ्या पदव्या नव्हत्या, पण माणसं जोडायची कला जबरदस्त. कोणत्या साहेबाला कधी भेटायचं, कोणत्या संस्थानिकाकडे कुणाची ओळख घेऊन जायचं, सभा कुठे घ्यायची, पाहुणा कोण बोलवायचा, हे त्यांना बरोबर कळायचं.

कारण आता काम वाढलं होतं. २४ ऑक्टोबर १८८४ ला पुण्याच्या गद्रे वाड्यातल्या सभेत डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. अध्यक्षस्थानी सर विल्यम वेडरबर्न, भारतीयांबद्दल आस्था असलेले इंग्रज अधिकारी. २ जानेवारी १८८५ ला कॉलेज सुरू झालं. आणि कॉलेजला नाव कुणाचं दिलं? मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. आश्रयदाते कोण? संस्थानिक. त्यात कोल्हापूर संस्थानही आलं. हो, तेच कोल्हापूर. बर्व्यांचा काळ संपला होता, आणि त्या गादीची बाजू घेऊन तुरुंगात गेलेल्यांबद्दल तिथे आपुलकी होती.

कुणाला वाटेल ही लाचारी झाली. पण कॉलेज हवेत चालत नाही. इमारत लागते, पुस्तकं लागतात, पगार लागतात. संस्थेच्या आजीव सभासदांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं, असा नियम होता. या माणसांच्या पदव्यांना सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट पगार मिळाला असता. स्वतः कमी घ्यायचं आणि संस्थेसाठी दारोदार मागायचं, असं ते धोरण होतं.

मात्र त्यातून ती जुनी शंका आता खरी अडचण बनली. सोमवारी तुम्ही गव्हर्नरच्या नावानं कॉलेज चालवता. मंगळवारी केसरी निघतो आणि त्यात गव्हर्नरच्या सरकारवर टीका असते. महाराजांकडून देणगी आणता, मग त्यांच्या कारभारात काही वावगं घडलं तर छापाल? आणि छापलं तर पुढची देणगी?

एका खोलीतली दोन पत्रं

गंमत अशी की भांडण सरकारवरून पेटलं नाही. ते पेटलं घरातल्या विषयांवरून. बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण. आगरकरांचं म्हणणं स्पष्ट होतं: समाज सुधारायचा तर आज, आत्ता, आणि बुद्धीला पटेल तेच करायचं. टिळकांचं म्हणणं, लोकांना बरोबर घेऊन, आणि परक्या सरकारचा हात आपल्या घरात न येऊ देता. केसरीचे संपादक आगरकर, पण पत्र एकट्या आगरकरांचं नव्हतं. ते शाळेच्या सगळ्या मंडळींचं होतं. आणि त्या मंडळींत बहुमत आगरकरांच्या मतांचं नव्हतं.

तुम्ही एखाद्या संस्थेचं अधिकृत खातं चालवलं असेल, कॉलेजच्या फेस्टचं का असेना, तर हा त्रास तुम्हाला माहीत असेल. लिहिणारा एक, आणि ‘हे आपल्या नावानं जायला नको’ म्हणणारे दहा. आगरकरांनी आपलं मत लिहायचं, पण ते संस्थेचं मत मानलं जाणार. संस्थेच्या मुलांचे पालक ते वाचणार. मग मुलं कमी झाली तर?

शिवाय छापखान्यावर कर्ज होतं, ते कुणाच्या डोक्यावर हा वाद. १८८६ च्या सुमारास त्यांनी ठरवलं की शाळा-कॉलेज वेगळं आणि पत्रं-छापखाना वेगळा. संस्थेनं बातमीच्या धंद्यातून हात काढून घेतला. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी केसरी सोडला, टिळक संपादक झाले. वर्षभरानं, १८८८ च्या ऑक्टोबरात, आगरकरांनी स्वतःचं पत्र काढलं: सुधारक. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. इंग्रजी बाजू सांभाळायला होते संस्थेतलेच एक तरुण मास्तर, गोपाळ कृष्ण गोखले.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. कॉलेज एकच. सकाळी टिळक आणि आगरकर दोघं तिथेच शिकवतात. संध्याकाळी एक केसरीत लिहितो, दुसरा सुधारकात, आणि दोघं एकमेकांवर तुटून पडतात. दुसऱ्या दिवशी परत त्याच संस्थेच्या बैठकीत समोरासमोर. विद्यार्थी दोन्ही पत्रं वाचतात. अशी दोन वर्षं गेली. आगरकरांचा तर विरोधकांनी जिवंतपणी अंत्यविधी काढला, त्यांच्या घरावरून प्रेतयात्रा नेली, असं सांगतात. तरी त्यांनी लिहिणं थांबवलं नाही आणि शिकवणंही थांबवलं नाही.

ते टिकणारं नव्हतं. बाहेरची कामं करून पैसे मिळवायचे का, पगार वाढवायचे का, इंदूरच्या होळकर महाराजांनी दिलेली सातशे रुपयांची रक्कम संस्थेची की टिळक-आगरकरांची, असे एकेक वाद साठत गेले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा टिळक म्हणाले, आजीव सभासदानं सगळा वेळ संस्थेलाच द्यायला हवा. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. आपण ज्या शाळेसाठी टाइपाच्या पेट्या वाहिल्या त्या शाळेतून ते बाहेर पडले. त्यांच्या वाट्याला केसरी आणि मराठा आले, आणि त्यांच्यासोबत कर्जही आलं.

आगरकर मागे राहिले. १८९२ मध्ये आपटे वारल्यावर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १८९५ च्या जूनमध्ये गेले, चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्यावरचा मृत्युलेख केसरीत टिळकांनीच लिहिला.

मग यातून काय घ्यायचं?

मला ही गोष्ट ‘दोन थोर मित्रांची ताटातूट’ म्हणून सांगायची नव्हती. तशी ती तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. मला त्यातली वेगळी बाजू महत्त्वाची वाटते.

या माणसांना सुरुवातीला वाटलं होतं की शाळेचं काम आणि वर्तमानपत्राचं काम एकच आहे. दोन्हीकडे लोकांना शहाणं करायचं, मग फरक काय? सहा वर्षांत त्यांना फरक कळला. शाळेला माणसं जोडावी लागतात. देणगीदार, पालक, सरकार, सगळ्यांशी बरं ठेवावं लागतं. त्यात वाईट काही नाही, नामजोशींनी ते प्रामाणिकपणे केलं आणि म्हणून कॉलेज उभं राहिलं. वर्तमानपत्राला मात्र कधीतरी त्याच माणसांना दुखवावं लागतं. एकच हात दोन्ही करायला गेला की एक काम बिघडतं. बहुतेक वेळा बातमीच बिघडते, कारण बातमी गिळली तर कुणाला दिसत नाही, पण देणगी गेली तर लगेच दिसते.

त्यांनी बातमी गिळली नाही. त्यांनी घर वेगळं केलं. त्याची किंमत मोठी होती. मैत्री गेली, सुरुवातीचा एकोपा गेला. पण शाळा शाळा राहिली, केसरी केसरी राहिला आणि सुधारकालाही आपलं म्हणणं मांडता आलं. तिघांपैकी कुणालाही गप्प बसावं लागलं नाही.

आणि एक उणीव पण सांगू या, नाहीतर आपणच फ्लेक्स लावल्यासारखं होईल. या सगळ्या छापखान्यांत, सभांत, बैठकांत बोलणारे पुरुष होते, आणि तेही जवळपास एकाच जातीचे. मुलींनी काय शिकावं यावर केसरीत पानंच्या पानं लिहिली गेली. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल निघालं, तेच आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो. तिथल्या अभ्यासक्रमावर केसरीनं कडक टीका केली. त्या वर्गात बसलेल्या मुलींना विचारायला मात्र कुणी गेलं नाही. आणि जिथे मोरोबादादांचा वाडा होता त्याच बुधवार पेठेत, १८४८ मध्ये, भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली होती. तिच्या मागे स्वतःचा छापखाना नव्हता. म्हणून ती गोष्ट घराघरांत पोचायला किती काळ गेला ते तुम्हीच बघा. कुणाकडे छापखाना आहे यावरून कुणाची शाळा लक्षात राहते हे ठरतं.

तर पुढच्या वेळी शाळेचं किंवा कॉलेजचं एखादं चकाचक रील समोर आलं, तर ते जरूर बघा, तुमच्या पोरांचा डान्स असेल तर कौतुकही करा. शाळेनं स्वतःबद्दल चांगलं बोलण्यात गुन्हा नाही. फक्त दोन गोष्टी स्वतःला विचारा. हे दाखवायचे पैसे कुणी दिले? आणि ज्यांनी दिले त्यांना आवडणार नाही असं एक तरी वाक्य यात आहे का? नसेल तर ती जाहिरात आहे, बातमी नाही. बातमी हवी असेल तर ती दुसरीकडे शोधावी लागेल. कदाचित तुमच्यातल्याच कुणाला तरी ती लिहावी लागेल. लिहाल तेव्हा हातातला कागद खरा आहे का ते आधी दोनदा तपासा. कोल्हापूर प्रकरणात ते राहून गेलं, आणि त्याचे १०१ दिवस झाले.

चला, आज इथेच थांबतो. पुण्यात असाल तर कधी बुधवार पेठेतून जाताना या वाड्यांची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा आणि प्रश्न विचारत राहा. नमस्कार!